पाहुण्यांपुढे काय ठेवावे?



गेल्या हिवाळ्यात आमच्या रोह्याच्या नणंदबाईंच्या लेकीला बघायला मुंबईहून माणसे येणार होती. मदतीला म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी पेणहून गाडीत बसलो. कासू, नागोठणे करीत रोह्याला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. घरी पोहोचतो तो नणंदबाई हिशेबाची वही घेऊन बसलेल्या. पनीर, मटार, मैदा, तेलाच्या पिशव्या, गुलाबजामचे पाकीट, वेफर्स, थंड पेयाच्या बाटल्या. बेरीज झाली २,८०० रुपये. पैसे कुठून आणले म्हणून विचारले, तर बचत गटातून ३,००० उचलले होते.

आम्ही म्हणालो, "अहो, दारात वालाचा वेल लागलाय. बिरडं करा, तांदळाच्या भाकऱ्या करा. घरात सोडे असतील तर त्यांचं कालवण करा. माणसं खूश होऊन जातील."

"वहिनी, काहीतरीच काय! मुंबईची माणसं. त्यांच्यापुढे काय भाकरी नि सोडे ठेवायचे? आपल्या पोरीला नाव ठेवतील."

पहाटे चारला उठून कणीक मळायला घेतली. तेवढ्यात थोरल्या मुलाची पहिल्या पाळीला जायची वेळ झाली. तो धाटावला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे, खाडा केला की दिवसाची हजेरी जाते. त्याच्या डब्यासाठी मागच्या पडवीत चुलीवर सुकट भाजली. कांदा, मिरची, वरून कोकम, सोबत दोन भाकऱ्या. आता सुकट भाजली की तिचा वास काय घरात राहतो होय? तो पुढच्या दारापर्यंत गेला. मुलगा डबा घेऊन गेला आणि इकडे नणंदबाईंचा जीव खालीवर. खिडक्या उघडल्या. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे एरवी दोन उदबत्त्या लावतात, त्या दिवशी आठ लावल्या. उरलेली सुकट आणि भाकऱ्यांची टोपली पडवीत पाटीखाली झाकून ठेवली.

पाहुणे आले. चांगली माणसे होती. पनीर खाल्ले, पुऱ्या खाल्ल्या, बेताबेताने. "आणखी घ्या" म्हटले की "पुरे, पुरे". निम्मे पातेले तसेच उरले. ते निघून गेल्यावर आम्ही सगळ्या बायका पडवीत फतकल मारून बसलो आणि पाटीखालची सुकट-भाकरी काढून पोटभर जेवलो. नणंदबाई म्हणाल्या, "आता कुठे जेवल्यासारखं वाटलं." आम्ही काही बोललो नाही. लेकीच्या आईला त्या दिवशी काय बोलायचे!

सोयरीक जमली हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचक भगिनी शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसतील. पुढे काय झाले ते नंतर सांगू. पण त्या दिवसापासून पाटीखाली झाकलेली ती टोपली आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आपण आपले अन्न झाकतो ते का?

आमच्या सासूबाईंनी सांगितलेली हकीकत इथे द्यावीशी वाटते. त्यांच्या लहानपणी वाड्यावर पाहुणा आला की घरातली बाई टोपली घेऊन गावात जायची. ओरडून भाकरी मागायची. मिळतील ते शिळे तुकडे आणायची आणि त्यातलेच पाहुण्याला वाढायची. पाहुणाही ते निमूट खायचा, कारण त्याच्या घरी आपण गेलो तर तोही तेच वाढणार. गावकीच्या कामाचा मोबदला म्हणून ते तुकडे. त्याला हक्क म्हणायचे! सासूबाईंचे वडील महाडच्या परिषदेला जाऊन आलेले. ते परत आले आणि म्हणाले, आजपासून या घरातली टोपली गावात जाणार नाही. घरात काही नव्हते. सासूबाई सांगायच्या, त्या रात्री नाचणीची आंबील झाली आणि सगळ्यांनी ती मीठ लावून प्याली.

१९ व २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी हातात घेतले हे तर आपल्या लेकरांनाही पाठ आहे. पण घरात चूल सांभाळणाऱ्या आपण बायकांनी त्या परिषदेतल्या आणखी गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गावात एवढे मोठे तळे असताना परिषदेला आलेल्या माणसांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. पाहुणा आला की आपण आधी काय करतो? तांब्याभर पाणी देतो. तेवढेही आपल्या हाती नव्हते. आणि तळ्यावरून माणसे मंडपात परत आली, निघण्यापूर्वी जेवणे चालू होती, तेव्हा देवळात शिरणार अशी आवई उठवून जमाव चालून आला. माणसांना मारले आणि शिजलेले अन्न मातीत मिसळून टाकले. आपल्या लोकांनी आपल्यासाठी रांधलेले अन्न होते ते. पंगत म्हटली की आमचे मन हळवे होते ते यामुळे.

त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे, उष्टे तुकडे टाकून द्या असे सांगितले. लोकांनी ऐकले. उपाशी राहिले, पण ऐकले. ज्या अन्नाच्या मागे लाचारी होती ते अन्न गेले. मग सुकट कुठे लाचारीची आहे? नाचणी कुणाची उष्टी आहे? चिंबोऱ्या, निवट्या आपल्या माणसांनी चिखलात पाय रोवून धरलेल्या. पावसाळ्यातला टाकळा, कुरडू आपल्या हाताने खुडलेला. शेवळे खाजू नयेत म्हणून त्यांत काकड घालायचे, हे शहाणपण कुठल्या पुस्तकात वाचून आपल्या आज्यांना आले नव्हते. टाकायचे ते त्यांनी टाकले आणि हे राखले. आपण मात्र दोन्ही एकाच पाटीखाली झाकू लागलो आहोत.

दुसऱ्याला बोट दाखवताना स्वतःचेही सांगावे. पेणला आम्ही दोन खोल्यांवर स्लॅब टाकला तेव्हा वास्तूच्या जेवणाला छोले-पुरी आणि फ्रूट सॅलड केले होते. फ्रूट सॅलड! ज्या पेणचे पोहे आणि पोह्यांचे पापड मुंबईचे लोक पिशव्या भरभरून नेतात, ज्या गावात घरोघरच्या बायका पापड लाटून संसाराला हातभार लावतात, तिथे आम्ही पानात साधा पापड वाढायचे विसरलो. आमची आत्या तेव्हा म्हणाली होती, "जेवण झकास. पण कुणाच्या घरी जेवले ते कळलं नाही." आम्हाला राग आला होता. आता येत नाही.

मराठवाड्यातले शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' नावाचे पुस्तक लिहिले, ते २०१५ साली आले. तिकडच्या दलित घरांत काय शिजायचे, कसे शिजायचे, ते त्यात न लाजता मांडले आहे. आपल्या कोकणातल्या बायकांनीही आपापल्या घरातले असे लिहून ठेवायला हवे. निदान लेकीसुनांना तोंडी तरी सांगावे.

आता पोपटीकडे वळतो. आपल्या जिल्ह्यात एवढा एकच बेत असा आहे की जो कुणी झाकत नाही, उलट पाहुण्याला मुद्दाम बोलावून देतात. भाताची कापणी झाली की त्याच जमिनीच्या ओलीवर वाल टाकतात. थंडी पडली की शेंगा भरतात आणि बांधावर भांबुर्डा माजतो. मग कुणीतरी म्हणते, मडके आणा.

आमच्या वाडीची रीत सांगतो. पंचवीस माणसांना साधारण पाच किलो शेंगा लागतात. शेंगा गावठी आणि भरलेल्या घ्याव्यात. चपट्या, कोवळ्या घेतल्या तर आत दाणा सापडत नाही आणि बाहेर नुसती सालीची रास पडते. शेंगा धुऊन निथळू द्याव्यात. त्यांना जाडे मीठ आणि ओवा चोळावा. ओव्याला कंजुषी करू नये, वाल पोटाला जड असतो. भांबुर्ड्याचा पालाही धुऊन घ्यावा. त्याचा वास उग्र, चव कडसर, पण मडक्यात तो शेंगांना जो सुगंध देतो त्याला तोड नाही. तळाशी पाल्याचा जाड थर, त्यावर शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, कांदे, अंडी, पुन्हा शेंगा. कोंबडी घालायची असेल तर हळद, आले-लसूण, तिखट, मीठ लावून तासभर मुरू द्यावी आणि केळीच्या पानात बांधून मध्यभागी ठेवावी. न खाणाऱ्यांसाठी दुसरे लहान मडके वेगळे लावावे, त्यात काही अवघड नाही. शेवटी तोंडाशी पाला गच्च दाबून भरायचा. पाणी नाही, तेलाचा थेंब नाही. मडके पालथे घालायचे आणि भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून जाळ करायचा. अर्धा-पाऊण तास. घाई करू नये. मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले की चर्रकन उडून जातात आणि पाल्याचा वास सगळ्या शेतावर पसरतो, तेव्हा समजावे की झाले.

मडके आदल्या दिवशी वाजवून बघावे. चीर असेल तर जाळावर ते उकलते आणि शेंगांची राख होते. आमची एकदा झाली आहे. शेजारी बादलीभर पाणी ठेवावे, आजूबाजूचे गवत वाळलेले असते.

पोपटीचे मोठे सुख आम्हा बायकांना विचारा. त्या रात्री जाळ पुरुष करतात, मडके पुरुष उपसतात. घोंगडीवर, गोणपाटावर सगळे एकाच वेळी बसतात. आधी पुरुष, मग पोरे आणि शेवटी गार झालेले खरवडून बायका, हे त्या रात्री नसते. गरम शेंग आम्ही हाताने सोलतो आणि गरमच खातो. वर्षातून एकदा! आमचे मत विचाराल तर हे रोजच्या स्वयंपाकघरातही व्हायला हवे. जी रांधते तिचे पान सगळ्यांबरोबर मांडावे. पाहुणा घरी आला असेल तेव्हा तर नक्कीच. घरची बाई दाराआड उभी आणि आपण खातोय, हे पाहुण्यालाही बरे वाटत नाही.

पण पोपटीचीही आमच्याकडे एक वाईट आठवण आहे. काही वर्षांपूर्वी वाडीच्या पोपटीत तरुण मंडळींनी बाटल्या आणल्या. आधी शेताच्या पलीकडे, मग जाळाजवळ. आवाज चढले. कुणाच्या तरी जुन्या बांधाचे भांडण निघाले. लहान मुले रडू लागली, बायका त्यांना उचलून घरी निघाल्या. मडके अर्धेच उपसलेले तिथेच राहिले. पुढचे दोन हिवाळे पोपटी झाली नाही. विहारात पाचवे शील घेणारा हात शेतावर बाटली उघडतो, याचे आम्हाला फार वाईट वाटले होते.

तिसऱ्या वर्षी बायकांनी ठरवले. शेंगा आम्ही आणणार, मडके आम्ही भरणार, अट एकच, जाळाजवळ बाटली दिसली की मडके उचलून घरी नेणार. पुरुष हसले. पण आले. त्या रात्री एक जण खिशात लपवून घेऊन आला होता. त्याच्या आईनेच ती काढून घेतली आणि ओतून टाकली. तो रागावून थोडा वेळ लांब जाऊन बसला, मग शेंगांचा वास आल्यावर परत आला. तेव्हापासून दरवर्षी पोपटी लागते आहे. वाडीतून लग्न होऊन गेलेल्या लेकी मुलांना घेऊन मुद्दाम येतात, आणि संध्याकाळी निर्धास्त बसतात.

हल्ली अलिबाग-पेणकडच्या शेतघरांवर शहरातल्या लोकांना पैसे घेऊन पोपटी खाऊ घालतात. आमच्या वाडीतले दोघे-तिघे तिथे मडकी लावायला जातात, त्यांना रोज मिळतो. चांगले आहे. फक्त एवढेच मनात येते की जे खायला लोक मुंबईहून पैसे मोजून येतात तेच आपण पाहुण्यापासून लपवतो.

विहाराच्या जेवणाबद्दलही दोन शब्द. १४ एप्रिलची जयंती आणि बुद्ध पौर्णिमा, ही आपली मोठी जेवणे. पौर्णिमेला सुजाताच्या आठवणीने खीर होते. वर्षावासात भन्तेजींना भोजनदान असते. त्यांचे जेवण दुपारी बाराच्या आत व्हावे लागते, म्हणून त्या दिवशी चूल लवकर पेटवावी आणि बेत आटोपशीर ठेवावा. उशीर झाला तर दोष पदार्थांच्या लांब यादीचा असतो.

आमचा आक्षेप निराळ्याच गोष्टीला आहे. जयंतीच्या जेवणासाठी वर्गणी निघते ती ध्वनिक्षेपकावरून नावानिशी वाचून दाखवतात. अमुक यांजकडून ५,०००, तमुक यांजकडून २,०००. आमच्या ओळखीच्या एक विधवा बाई आहेत, गणपतीच्या कारखान्यात रंगाचे काम करतात. त्यांनी १०१ रुपये दिले होते. तो आकडा वाचला गेला तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि पंगतीला न बसताच मुलाला घेऊन घरी गेल्या. घरातली कुणीतरी पान घेऊन जाऊन त्यांना बोलावून आणायला हवे होते. आमच्यापैकी कुणीच गेले नाही, आम्हीसुद्धा नाही. हे लिहिताना लाज वाटते. महाडला आपली पंगत परक्यांनी उधळली. इथे एका बाईला आपल्याच पंगतीतून आपणच उठवले. हिशेब जरूर द्यावा, पै न् पैचा द्यावा, विहाराच्या फळ्यावर एकूण जमा आणि एकूण खर्च लिहावा. नावापुढचे आकडे वाचण्याची गरज नाही. ज्याला पैसे देणे जमत नाही त्याने पाणी भरले, पाने लावली, कांदे चिरले, तर तीही वर्गणीच आहे.

या गोष्टी आम्ही पंचायतीच्या बैठकीत मांडल्या. एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "मग आकडे वाचले नाहीत तर मोठी रक्कम देणार कोण?" प्रश्न खोटा नाही. गेल्या जयंतीला आकडे न वाचता वर्गणी काढली, ती थोडी कमी जमली. म्हणून बुंदी रद्द केली. वरण, भात, बटाट्याची भाजी आणि आपल्या बायकांनी लाटलेले पोह्यांचे पापड, एवढ्यावर जेवण उरकले. त्या बाई या वेळी कांदे चिरायला सकाळी सातला हजर होत्या.

आता रोह्याचे सांगायचे राहिले. लग्न ठरल्यावर जाणेयेणे सुरू झाले, बोलणे मोकळे झाले. एके दिवशी मुलीच्या होणाऱ्या सासूबाई नणंदबाईंना म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका. त्या दिवशी तुमच्या दारात पाय ठेवला आणि सुकटीचा वास आला. माझं माहेर माणगावकडचं. तोंडाला पाणी सुटलं. म्हटलं, आता वाढतील, मग वाढतील. तुम्ही पनीरच वाढत राहिलात." नणंदबाईंना हसावे की रडावे ते कळेना. त्या ३,००० रुपयांचे हप्ते तेव्हा अजून चालू होते.

परवा त्यांचा निरोप आला आहे. रविवारी लेकीच्या सासरची माणसे जेवायला यायची आहेत. वाल मोड आणायला बांधून ठेवले आहेत, सुकट आणि सोडे बाजारातून आणले आहेत. वहिनींनी येताना पेणहून फक्त पोह्यांचे पापड आणावेत, आणि जमले तर शनिवारीच यावे, कारण भाकऱ्या बऱ्याच भाजायच्या आहेत.